रंग, गंध आणि काटकपणा : 'सनस्प्राइट' गुलाब

गुलाब हाती आला की तो आपोआप नाकाशी नेला जातो. पण गुच्छांनी फुलणाऱ्या फ्लोरिबंडा गुलाबांच्या बाबतीत पुष्कळदा निराशा होते. झाड फुलांनी लगडलेले, पण सुगंध नावापुरता! 'सनस्प्राइट' हा गुलाब मात्र याला सुखद अपवाद आहे.

डेन्मार्कच्या पौल्सेन कुटुंबाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिबंडाचा पाया घातला. थंडीला दाद न देणारे गुच्छफुलांचे पॉलिअँथा आणि मोठ्या फुलांचे हायब्रिड टी गुलाब यांचा त्यांनी संकर केला. फुलांचा बहर आणि काटकपणा साधला, सुगंध मात्र बहुधा मागे राहिला.

पिवळ्या रंगाची अडचण

त्यात पिवळा गुलाब म्हणजे आणखी कठीण काम. आधुनिक बागेतला गडद पिवळा रंग आला तो इराणकडच्या एका पिवळ्या गुलाबापासून. फ्रान्सच्या पेर्ने-ड्युशे यांनी त्याच्या संकरातून १९०० साली 'सोलेय दोर' बाजारात आणला. पण रंगाबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोगही पुढच्या पिढ्यांत उतरला. शिवाय बरेच पिवळे गुलाब उन्हात फिकट पडून सायीच्या रंगाचे होतात.

जर्मनीच्या रायमर कोर्डेस यांनी १९७३ साली आणलेल्या या जातीचा गडद पिवळा रंग सहसा उडत नाही. झाड साधारण अडीच-तीन फूट उंच, पाने चकचकीत आणि गंध भरपूर. १९७९ साली तिला अमेरिकेतील सुगंधासाठीचे 'गँबल' पदक मिळाले. जर्मनीत ती 'फ्रीझिया', तर ब्रिटनमध्ये 'कोरेसिया' म्हणून ओळखली जाते. त्यामुळे रोपवाटिकेत तिन्ही नावांनी चौकशी करावी.

अशी घ्या काळजी

रोज किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी, पाणी न साचणारी जागा निवडा. दोन रोपांत सुमारे दोन फूट अंतर ठेवा आणि चांगले कुजलेले शेणखत घाला. डोळा भरलेल्या जोडाच्या खालून फुटणारे रानटी फुटवे लगेच काढून टाका, नाहीतर ते कलमाचा जोर खातात.

आपल्या मैदानी भागात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मध्यम छाटणी करावी. सहा-सात आठवड्यांत बहर येतो. कडक उन्हाळ्यात फुले लवकर झडतात, त्यामुळे खरी शोभा हिवाळ्यातच. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. पाने ओली राहिली की काळे ठिपके बळावतात. ही जात काटक असली तरी त्या रोगापासून पूर्ण मुक्त नाही. गळलेली रोगट पाने वेचून बागेबाहेर टाकावीत.

गुच्छातले मधले फूल सर्वांत आधी उमलते. ते कोमेजताच खुडावे, म्हणजे भोवतालच्या कळ्यांना फुलायला मोकळी जागा मिळते.