ऑपरेशनच्या टेबलावरचा शेक

आपल्याकडे रेडिएशनला सर्रास ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. शब्द घरगुती असल्याने भीती कमी होते हे खरं. पण घरातला शेक थोडा जास्त झाला तर फारसं बिघडत नाही. इथे बिघडतं.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ओटीपोटाच्या हाडांत घट्ट बसलेला. कर्करोगाची गाठ शेजारच्या अवयवाला किंवा मागच्या हाडाला चिकटली, की सर्जनला मोकळी कड सापडत नाही. म्हणून बऱ्याचदा आधी पाच-सहा आठवडे, रोज थोडा थोडा, एकूण ४५ ते ५० ग्रे शेक देतात आणि नंतर ऑपरेशन. यासाठी पुण्यातली कितीतरी कुटुंबं परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास खोली घेऊन राहिली. आता हा शेक पुण्यातही मिळतो.

बाहेरून याहून फार जास्त देता येत नाही, कारण वाटेत लहान आतडं येतं. मग विचार असा निघाला : पोट उघडलंच आहे, तर आतडं हातानं बाजूला सारा आणि संशयाच्या जागेवरच किरण सोडा. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात मित्सुयुकी आबे यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत पुढे नेली. गाठ काढल्यावर त्या जागी नळी टेकवून इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात; तो काही सेंटिमीटर जाऊन थांबतो. मात्रा १० ते २० ग्रे, एकदाच. आकडा लहान दिसतो, पण एका दमात दिल्याने परिणाम दोन-तीन पट धरतात. तेवढी मिनिटं सगळे खोलीबाहेर, भूल देणारे डॉक्टरसुद्धा पडद्यावर नजर ठेवून. आत उघड्या पोटाचा माणूस एकटा. हे चित्र काही आमच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आतडं सारता येतं, नसा सारता येत नाहीत. मात्रा जास्त झाली तर पाय बधिर होतो, दुखतो, कधी त्यातला जोर जातो. आणि सरसकट फायदाही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत तो दिसला नाही. म्हणून हा शेक मुख्यतः चिकटलेल्या किंवा तिथेच पुन्हा उगवलेल्या गाठींसाठी राखून ठेवतात.

आता आमच्या विषयाकडे येऊ. कडेला पेशी उरल्यात का, हे डोळ्यांना दिसत नाही. तुकडा गोठवून तपासतात, पण कळतं ते तेवढ्याच तुकड्याचं. निर्णय अर्धवट ज्ञानावर घ्यायचा, आणि ज्याच्याबद्दल घ्यायचा तो भुलीत! तेव्हा विचारायचं ते सहीच्या आधी : कड संशयास्पद निघाली तर टेबलावर शेक देणार का? पायांचं काय होऊ शकतं? आपल्याकडे हे मुलाला बाजूला घेऊन सांगतात आणि आजोबांना म्हणतात, ‘छोटंसं ऑपरेशन आहे.’ आम्हाला हे मान्य नाही. बोलणं आजोबांसमोर व्हावं, सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघेही असताना, कारण त्या दिवशी ठरवणार ते दोघे मिळूनच.