भरल्या कोंबडीतली कलेजी कोणाच्या ताटात?

डिसेंबर लागला की वसई पूर्वेच्या आमच्या एव्हरशाईन सिटीत खिडक्यांतून चांदण्या लटकतात. नाताळात काही ख्रिस्ती घरांत अख्खी कोंबडी पोटात सारण भरून भाजतात. ईस्ट इंडियन आणि गोवेकर मंडळींची ही जुनी चाल. शेजारधर्माने एखादी बशी आमच्याकडेही येते.

रीत सोपी आहे. कोंबडीला आले, लसूण, मिरी, हळद, लिंबू चोळून ठेवतात. कलेजी-पेटा बारीक चिरून कांदा, बटाटा, मटार व पावाच्या चुऱ्याबरोबर पूर्ण शिजवतात. हे सारण भरून पोट दोऱ्याने शिवतात व भाजतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर भाजता येते. भरलेली कोंबडी रात्रभर ठेवू नये, लगेच भाजावी. आतले सारणही वाफाळेपर्यंत तापले पाहिजे.

आता पोषणाचे पाहू. कातडी काढलेल्या १०० ग्रॅम भाजलेल्या मांसात २५ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. चरबी बरीचशी कातडीत असते. पण खरा खजिना सारणात आहे. १०० ग्रॅम शिजलेल्या कलेजीत सुमारे ११ मिलिग्रॅम लोह असते; तेवढ्याच मांसात जेमतेम एक-दीड. शिवाय हे लोह अंगी लागते, आणि लिंबू पिळल्याने डाळ-भाजीतलेही जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र ते कमी होते.

हा हिशेब मांडण्याचे कारण वेगळेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आणि आपल्या घरांत काय चालते? कलेजी कर्त्या पुरुषाला, तंगडी मुलाला. रांधणारी शेवटी बसते, तिच्या वाट्याला मान आणि रस्सा! आमच्या घरीही वर्षानुवर्षे हेच चालले, हे कबूल करायला हवे.

म्हणून भगिनींनो, सणाला कोंबडी भरा, वा साधा रस्सा करा. पण कलेजीचा पहिला वाटा वयात आलेल्या मुलीला आणि स्वतःला वाढा. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारावे, कारण कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते. आणि बंधूंनो, त्या दिवशी वाढायला तुम्ही उभे राहा. औषधाच्या गोळ्यांची गरज असेल तर त्या घ्याव्याच; पण ताटातली वाटणी बदलायला पैसा लागत नाही.