शाखेविना बँक आणि स्वतःचे नेटवर्क : डिस्कव्हर फायनान्शियल सर्व्हिसेसच्या वृद्धिधोरणाचे विवेचन

प्रस्तावना

पदव्युत्तर वाणिज्य वर्गात कार्डव्यवहार शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : ‘सर, व्हिसाचा व्याजदर किती?’ व्हिसा कोणाला कर्ज देत नाही व कोणाची ठेवही स्वीकारत नाही. ती केवळ दोन बँकांमधील व्यवहार वाहून नेते, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. कार्ड देणारी बँक वेगळी आणि नेटवर्क वेगळे, ही फोड कार्डव्यवसायाच्या अभ्यासाची पहिली पायरी होय. अमेरिकेतील डिस्कव्हर फायनान्शियल सर्व्हिसेस ही कंपनी मात्र या फोडीत बसत नाही. तिने ठेवी घेतल्या, कर्जे दिली, कार्डे दिली आणि ती कार्डे ज्यावर चालतात ते नेटवर्कही स्वतःच चालविले. १८ मे २०२५ रोजी ती कॅपिटल वन या बँकसमूहात विलीन झाली व चाळीस वर्षांचा एक प्रयोग पूर्ण झाला.

प्रस्तुत लेखात या कंपनीच्या वृद्धिधोरणाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. डिस्कव्हरची ओळख ‘चौथे कार्ड नेटवर्क’ अशी दिली जाते. परंतु तिची वाढ नेटवर्कमुळे झाली नाही. ती शाखाविरहित ठेवी आणि व्याजावरील उत्पन्न यांतून झाली, असे तिच्या ताळेबंदावरून दिसते. तरीही अखेरीस तिला जी किंमत मिळाली, तिच्यामागे नेटवर्कचे आकर्षण मोठे होते. हा विरोधाभास समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

उगम : दुकानातून बँकेकडे

डिस्कव्हरचा जन्म बँकेत नव्हे, तर किरकोळ व्यापारात झाला. सीअर्स ही त्या काळातील अमेरिकेची अग्रगण्य दुकानसाखळी. १९८१ साली तिने डीन विटर ही रोखे दलाली पेढी आणि कोल्डवेल बँकर ही घरजमीन व्यवहारांची संस्था विकत घेतली. ऑलस्टेट ही विमा कंपनी तिच्याकडे आधीपासूनच होती. ज्या ग्राहकाला आपण कपडे व कपाटे विकतो, त्यालाच विमा, रोखे आणि कर्ज का विकू नये, असा हा विचार होता. त्याच विचारातून १९८५ साली डिस्कव्हर कार्ड आले. जानेवारी १९८६ मधील सुपर बोल सामन्याच्या प्रक्षेपणात त्याची जाहिरात देशभर झळकली.

या कार्डाला वार्षिक शुल्क नव्हते आणि खरेदीच्या रकमेचा अल्प हिस्सा वर्षाअखेरीस ग्राहकाला परत मिळत असे. आज ‘कॅशबॅक’ हा शब्द आपल्याकडे किराणा दुकानातही ऐकू येतो. सर्वसामान्य ग्राहकाच्या कार्डात ही कल्पना रुजविण्याचे श्रेय बव्हंशी डिस्कव्हरकडे जाते.

कार्डामागे बँक हवी, म्हणून सीअर्सने डेलावेअर राज्यातील ग्रीनवूड या लहानशा गावातील ग्रीनवूड ट्रस्ट कंपनी विकत घेतली. गावाची निवड योगायोगाने झाली नव्हती. १९७८ सालच्या मार्केट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, राष्ट्रीय बँक ज्या राज्यात स्थित आहे त्या राज्याच्या कायद्याने अनुज्ञेय असलेला व्याजदर ती अन्य राज्यांतील ग्राहकांनाही लावू शकते. १९८० च्या एका केंद्रीय कायद्याने हीच मुभा ठेवविमा असलेल्या राज्यस्तरीय बँकांना मिळाली आणि १९८१ साली डेलावेअरने व्याजदरावरील कमाल मर्यादाच काढून टाकली. मॅसॅच्युसेट्स राज्याने विलंबशुल्कास हरकत घेतली, तेव्हा १९९२ साली संघीय अपील न्यायालयाने ग्रीनवूड ट्रस्टच्या बाजूने निकाल दिला. एका गावात बसून संपूर्ण देशाला कर्ज देण्याची कायदेशीर वाट अशी मोकळी झाली. हीच बँक पुढे ‘डिस्कव्हर बँक’ झाली आणि तिची शाखा ग्रीनवूडमध्ये एकच राहिली. शाखाविरहित बँक हे इंटरनेटचे अपत्य आहे, असा आपला समज असतो; या उदाहरणात तरी ती आधी कायद्याचे अपत्य होती.

त्यानंतर मालक बदलत गेले. १९९३ साली सीअर्सने डीन विटर आणि डिस्कव्हर यांना वेगळे केले. १९९७ साली त्यांचे मॉर्गन स्टॅन्लेशी विलीनीकरण झाले. २००७ च्या मध्यास डिस्कव्हर स्वतंत्र, नोंदणीकृत कंपनी झाली. खऱ्या अर्थाने ‘वृद्धिधोरण’ म्हणता येईल असा कालखंड येथून सुरू होतो.

ठेवींचा प्रश्न

स्वतंत्र होताच कंपनीपुढे जो प्रश्न उभा राहिला तो ग्राहकांचा नव्हता, निधीचा होता. कार्डावरील कर्ज देण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? तोपर्यंत दोन मार्ग प्रमुख होते. एक, कार्डावरील येणे रकमांचे रोखे करून ते गुंतवणूकदारांना विकणे, ज्याला आपण प्रतिभूतीकरण म्हणतो. दुसरा, दलालांमार्फत ठेवी गोळा करणे. २००८ च्या वित्तीय अरिष्टात प्रतिभूतीकरणाचा बाजार अक्षरशः गोठला. मार्च २००९ मध्ये डिस्कव्हरने बँक धारक कंपनीचा दर्जा स्वीकारला आणि शासनाच्या मदत योजनेतून सुमारे १२० कोटी डॉलरचे भांडवल घेतले. ते तिने एप्रिल २०१० मध्ये परत केले.

या अनुभवानंतर कंपनी ग्राहकाकडून थेट ठेवी घेण्याकडे निर्धाराने वळली. ‘डायरेक्ट बँक’ या संज्ञेचा अर्थ येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. अशा बँकेत ग्राहक शाखेत जात नाही. दूरध्वनी, टपाल आणि इंटरनेट यांवरच खाते उघडतो व चालवितो. इमारत, भाडे आणि शाखेतील कर्मचारी यांचा खर्च वाचतो. त्या बचतीचा काही भाग ठेवीदाराला अधिक व्याजाच्या रूपाने दिला जातो. शाखांच्या जाळ्यावर उभी असलेली मोठी बँक जेव्हा बचतीवर नाममात्र व्याज देते, तेव्हा डायरेक्ट बँक थोडे अधिक देऊनही नफ्यात राहू शकते. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत ठेवविम्याची मर्यादा १ लाख डॉलरवरून २.५ लाख डॉलर करण्यात आली. जिचे दार कधी पाहिले नाही अशा बँकेत पैसे ठेवण्याचे धैर्य सामान्य माणसाला त्यामुळे आले असावे, असे वाटते.

अशा ठेवींचा एक दोषही लक्षात घ्यावयास हवा. व्याजासाठी आलेला ठेवीदार व्याजासाठीच निघून जातो. पगाराचे खाते जिथे असते तिथे माणूस सहसा राहतो. केवळ बचत जिथे असते तिथे तो दर पाहत असतो. २०१३ साली डिस्कव्हरने कॅशबॅक देणारे चालू खाते आणले, त्यामागे ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दिसतो. तथापि, २०२३ पर्यंत तिच्या निधीचा प्रमुख आधार थेट ग्राहकांच्या ठेवी हाच झाला होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या कंपनीचे सर्वांत मोठे यश हेच होय, आणि त्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

या ठेवी कोठे गुंतविल्या? २०२३ च्या अखेरीस एकूण कर्जे सुमारे १२,८०० कोटी डॉलर होती, त्यांपैकी सुमारे १०,२०० कोटी डॉलर कार्डांवरील. त्या वर्षी व्याजखर्च वजा जाता एकूण उत्पन्न सुमारे १,५९० कोटी डॉलर होते आणि त्यांतील सुमारे १,३१० कोटी डॉलर हे निव्वळ व्याजाचे. म्हणजे शंभर डॉलरच्या उत्पन्नातील ब्याऐंशी डॉलर व्याजातून आले. निव्वळ व्याजाची तफावत ११ टक्क्यांच्या आसपास होती. आपल्याकडील बँकांची ही तफावत साधारणतः तीन-चार टक्के असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवसायाचे स्वरूप कळते. दरमहा पूर्ण रक्कम फेडणारा ग्राहक नव्हे, तर थोडी शिल्लक पुढे ओढणारा आणि तरीही बुडवेगिरी न करणारा ग्राहक हा या वृद्धीचा खरा आधार होता. कॅशबॅक, देयकावर विनामूल्य छापला जाणारा पतगुणांक, पहिल्या वर्षीचा दुप्पट परतावा या सर्व योजना अशा ग्राहकाला शोधून टिकवून ठेवण्यासाठी होत्या.

नेटवर्कची कहाणी

चार पक्षांच्या पद्धतीत ग्राहक, कार्ड देणारी बँक, दुकानदार आणि दुकानदाराची बँक असे घटक असतात. व्हिसा त्यांच्यामध्ये असते. समजा, दुकानदाराने शंभर रुपयांच्या विक्रीवर दोन रुपये शुल्क दिले, तर त्यांतील मोठा वाटा इंटरचेंज शुल्क म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेला जातो आणि नेटवर्कच्या वाट्याला अल्प रक्कम येते. डिस्कव्हरच्या मूळ पद्धतीत बँकही तीच व नेटवर्कही तेच. त्यामुळे दोन्ही वाटे घरातच राहत. ऐकण्यास हे अत्यंत लाभदायक वाटते. मग हे नेटवर्क व्हिसाएवढे का वाढले नाही?

याचे एक कारण बाहेरचे होते. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांनुसार त्यांच्या सदस्य बँकांना डिस्कव्हर वा अमेरिकन एक्स्प्रेसची कार्डे देता येत नसत. अमेरिकी न्याय विभागाने १९९८ साली याविरुद्ध दावा लावला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिसा-मास्टरकार्डचे अपील ऐकण्यास नकार दिल्यावर ती बंदी उठली. डिस्कव्हरने नुकसानभरपाईचा स्वतंत्र दावा केला; २००८ साली तो २७५ कोटी डॉलरवर मिटला. परंतु न्यायालयाने दार उघडले तेव्हा बाजार भरून गेला होता. मोठ्या बँकांनी डिस्कव्हरची कार्डे मोठ्या प्रमाणावर कधीच दिली नाहीत.

दुसरे कारण स्वतःचे होते. दुकानदारांची नोंदणी डिस्कव्हर दीर्घकाळ स्वतःच करीत असे. मोठी दुकाने मिळाली. गल्लीतले उपाहारगृह, केशकर्तनालय, दवाखाना सुटले. २००६ पासून हे काम दुकानदारांशी व्यवहार करणाऱ्या मध्यस्थ संस्थांवर सोपविल्यावर देशांतर्गत स्वीकृती झपाट्याने सुधारली. देशाबाहेर मात्र कार्ड जवळजवळ निरुपयोगी होते. तो मार्ग कंपनीने खरेदी व करार यांनी काढला : २००५ साली पल्स हे डेबिट नेटवर्क, त्याच वर्षी चीनच्या युनियनपेशी आणि २००६ साली जपानच्या जेसीबीशी करार, २००८ साली सिटी समूहाकडून १६.५ कोटी डॉलरला डायनर्स क्लब इंटरनॅशनल. मार्च २०१२ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाशी करार झाला. परदेशात चालणारे रुपे कार्ड ज्या यंत्रांवर स्वीकारले जाते त्यांत डिस्कव्हर, डायनर्स व पल्स यांची यंत्रणा आहे, ती या करारामुळे. आपल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाने मुलाकडे अमेरिकेत गेल्यावर रुपे कार्ड वापरले असेल, तर ते डिस्कव्हरच्याच वाटेने गेले असणार.

विविधीकरणाचे प्रयत्न

कार्डाखेरीज अन्य कर्जांत शिरण्याचे प्रयत्न संमिश्र ठरले. ब्रिटनमधील गोल्डफिश हा कार्डव्यवसाय २००६ साली घेऊन २००८ साली तोट्यात बार्क्लेजला विकावा लागला. २०१२ साली सुरू केलेला गृहकर्जाचा व्यवसाय २०१५ साली बंद केला. विद्यार्थीकर्जाचा विस्तार २०१० अखेरच्या स्टुडंट लोन कॉर्पोरेशनच्या खरेदीने झाला. परंतु ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०१५ आणि २०२० अशी दोनदा कारवाई केली आणि २०२४ साली ही कर्जे कार्लाइल व केकेआर या गुंतवणूक संस्थांना विकण्यात आली. वैयक्तिक कर्जे तेवढी टिकली. कारण सरळ आहे : ती कार्डावरील कर्जाच्याच जातीची आहेत.

वर्गवारीतील चूक

जुलै २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, २००७ च्या मध्यापासून काही वैयक्तिक कार्डे चुकीने उच्च शुल्काच्या वर्गात नोंदली गेली होती. परिणामी दुकानदार आणि त्यांचे मध्यस्थ सोळा वर्षे अधिक शुल्क देत होते. ऑगस्टमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी रॉजर हॉकशिल्ड पायउतार झाले. एप्रिल २०२५ मध्ये ठेवविमा महामंडळाने १५ कोटी डॉलर दंड व किमान १२२.५ कोटी डॉलर परताव्याचा आदेश दिला. फेडरल रिझर्व्हने आणखी १० कोटी डॉलर दंड केला.

हा प्रसंग धोरणाच्या अभ्यासकाने केवळ ‘लेखाविषयक त्रुटी’ म्हणून सोडून देऊ नये. चार पक्षांच्या पद्धतीत शुल्काचा दर ठरविणारा एक व ते घेणारा दुसरा असतो; त्यामुळे काही प्रमाणात परस्पर तपासणी आपोआप होते. जिथे दर ठरविणारा, कार्डाचा वर्ग नोंदविणारा आणि पैसे घेणारा एकाच छताखाली असतो, तिथे ही तपासणी मुद्दाम उभारावी लागते. सर्व वाटे घरात ठेवण्याच्या ज्या रचनेचे गोडवे पाठ्यपुस्तके गातात, तिचीच ही दुसरी बाजू होय.

अधिग्रहण आणि नेटवर्कचे मोल

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी कॅपिटल वनने डिस्कव्हरच्या खरेदीची घोषणा केली. संपूर्ण समभागांच्या या व्यवहाराचे घोषणेच्या वेळचे मूल्य सुमारे ३,५३० कोटी डॉलर होते. एप्रिल २०२५ मध्ये नियामकांची मान्यता मिळाली. कॅपिटल वन स्वतः ठेवी घेणारी आणि कार्डकर्ज देणारी मोठी बँक; तिच्याजवळ नव्हते ते फक्त नेटवर्क. डिस्कव्हरला आपल्या नेटवर्कसाठी पुरेसे व्यवहार कधी मिळवता आले नाहीत. कॅपिटल वनजवळ व्यवहार होते, पण ते दुसऱ्याच्या नेटवर्कवर.

यात डेबिट कार्डाचा भाग विशेष अर्थपूर्ण आहे. २०१० च्या डर्बिन दुरुस्तीने १,००० कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्या बँकांच्या डेबिट इंटरचेंजवर मर्यादा घातली. बँक व नेटवर्क एकच असलेल्या तीन पक्षांच्या पद्धतीस ती मर्यादा लागू होत नाही, कारण तिथे एका बँकेने दुसरीला द्यावयाचे इंटरचेंज शुल्क मुळी नसतेच. कॅपिटल वनने आपली डेबिट कार्डे डिस्कव्हरच्या नेटवर्कवर हलविण्याचे काम २०२५ सालीच सुरू केले. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्कच घेतले जात नाही. एका देशात नेटवर्क हे शुल्क मिळविण्याचे साधन म्हणून विकत घेतले जाते आणि दुसऱ्या देशात ते शुल्काविना सार्वजनिक सोयीसारखे चालविले जाते; २०१२ च्या करारामुळे या दोन यंत्रणा परस्परांना जोडलेल्या आहेत आणि मे २०२५ पासून त्या कराराच्या पलीकडील बाजूस कॅपिटल वन आहे.