अर्थ किधर दिया?

वेरूळच्या आमच्या घरामागं कडुनिंबाखाली जीप दहा दिवस बॉनेट उघडून उभी होती. तिचं पेट्रोल इंजिन चेनपुलीनं उचलून काढलं आणि त्या जागी सेकंडहँड डिझेल इंजिन उतरवलं. आरटीओची परवानगी बाबांनी आधीच काढून ठेवली होती. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी सेल्फ मारला. इंजिन एकदाच कण्हलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत अ‍ॅक्सिलरेटरची केबल लालभडक झाली. पाना शोधून बॅटरीचा लग सोडवेपर्यंत ती जळून आत चिकटली होती.

खुलताबादहून वायरिंगवाले चाचा आले. जळक्या केबलकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "अर्थ किधर दिया?"

कुठंच दिला नव्हता. बॅटरीची मायनस बाजू चेसिसला जोडलेली होती, पण इंजिन चेसिसवर बसतं ते रबरी माउंटिंगवर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यात तांब्याची विणलेली पट्टी लागते. आमची पट्टी जुन्या इंजिनाबरोबर भंगारात गेली होती. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे अँपिअरहून जास्त करंट खेचतो. तेवढ्या करंटला बॅटरीकडं परतायला वाट हवी होती, ती त्याला अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून सापडली.

अशी अदलाबदल आपल्याकडं फार जुनी आहे. महिंद्रांनी १९४०च्या दशकाअखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढं त्यांच्या जीपमध्ये २,१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन असे, आणि नंतर २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन आलं. प्रीमियरनं १९८५मध्ये ११८ एनई काढली, तिची बॉडी फियाट १२४ची आणि इंजिन निस्सानचं होतं. कारखान्यात अशा जोडणीमागं इंजिनिअरांचा ताफा आणि महिन्यांच्या चाचण्या असतात. अंगणात असतो एक मिस्त्री, एक वायरिंगवाला आणि घरचं एक पोर. मिस्त्रीचं काम डोळ्यांना दिसतं. बोल्ट बसला की बसला. वायरिंगची चूक मात्र टेपखाली झाकून राहते, म्हणून मला अवघड काम नेहमी तेच वाटत आलंय.

पट्टी लावल्यावर दुसरी अडचण निघाली ती हीटर प्लगची. जुन्या पेट्रोल इंजिनाला स्पार्कसाठी कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर लागायचा. आमच्या डिझेलला स्पार्क लागत नव्हता, पण थंडीत सुरू व्हायला हीटर प्लग हवेच होते. चार प्लग मिळून चाळीसेक अँपिअर घेतात. आम्ही ती लाइन कॉइलच्या जुन्या, एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवर टाकली होती. चाचांनी जमिनीवर काडीनं हिशेब मांडला: अशा दोन मीटर वायरीचा रोध ०.०३४ ओहम, चाळीस अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच खर्च, आणि वायरीत ५४ वॅटची उष्णता. म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी धग डॅशबोर्डच्या मागं. त्यांनी बॅटरीपासून जाड वायर आणली, मध्ये फ्यूज आणि रिले घातला. रिलेच्या पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले. ३०वर बॅटरी, ८७वरून भार, उरलेल्या दोघांत रिलेची कॉइल. आजही बहुतेक गाड्यांच्या रिलेवर हेच आकडे असतात.

मग गाडी सुरू झाली, पण चावी काढली तरी बंद होईना. डायनामोच्या जागी आता अल्टरनेटर होता. चार्जिंगचा लँप मिळाला नाही म्हणून आम्ही त्याची बारीक वायर सरळ चावीच्या लाइनला जोडली होती. चावी बंद केल्यावर अल्टरनेटरच उलटा करंट देत राहिला, त्यावर पंपाचा सोलेनॉइड उघडा राहिला आणि डिझेल वाहत राहिलं. चाचांनी त्या वायरीत एक डायोड बसवला. करंट एकाच दिशेनं जाऊ देणारी ती शेंगदाण्याएवढी वस्तू बसवताच इंजिन चावीसरशी थांबलं.

ते डिझेल इंजिन पुढं थकलं. वाळूजला कंपनीत असलेल्या माझ्या पुतण्यानं मागच्या वर्षी त्या जागी एका अपघातग्रस्त कारचं इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन बसवलं. लोखंडाचं काम त्यानं तीन रविवारांत उरकलं. वायरिंगला आठ महिने गेले. त्याची घोडचूक एकच: भंगारवाल्याकडं घाईत त्यानं वायरींचा अख्खा जुडगा कापला. साठ-सत्तर रंगीत टोकं हातात, आणि खूण एकाही वायरीवर नाही. ज्याला हे काम करायचंय त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे की कारचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कनेक्टरसकट, न कापता, कॉम्प्युटर आणि चावीसकट आणावा.

चावीसकट का, तर त्या चावीत चिप असते. तिची ओळख पटली नाही की इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत मरतं किंवा पेटतच नाही. त्यातून सुटल्यावर क्रँक सेन्सरनं छळलं. क्रँकच्या दातेरी चाकावरून हा सेन्सर इंजिन कुठं आहे ते कॉम्प्युटरला कळवतो. त्याच्या वायरीवर जाळीचं कवच असतं, ते एकाच टोकाला अर्थ करायचं असतं. पुतण्यानं दोन्ही टोकं अर्थ केली होती, आणि सेल्फ फिरला की सिग्नलमध्ये खरखर मिसळायची.

पुढची अडचण मीटरची. त्याच्यापर्यंत वेग आणि तापमान पोचवतात त्या पीळ दिलेल्या दोन वायरी, म्हणजे कॅन बस. बॉशनं ती १९८६मध्ये जगापुढं मांडली. आमच्या जिल्ह्यात शेंद्र्याला २००१पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, त्यामुळं इथल्या कितीतरी पोरांना ती तोंडपाठ आहे. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी सोडून मल्टीमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. पुतण्याला १२० दिसले. कापलेल्या जुडग्याबरोबर एक टोकच राहून गेलं होतं.

कायद्याची बाजू आज जास्त कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२प्रमाणं नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी मंजूर किटची वाट कायद्यात ठेवलेली आहे. म्हणून आमची जीप तूर्त शेताच्या बांधाबाहेर जात नाही, आणि ते मला योग्यच वाटतं.

परवा टाकी काठोकाठ भरली तर काटा निम्म्यावर थांबला. टाकीतला फ्लोट जीपचा आणि मीटर कारचा, दोघांचे ओहम जुळत नाहीत. येत्या रविवारी पुतण्या फ्लोट बाहेर काढून तो रिकाम्या, निम्म्या आणि भरलेल्या टाकीच्या उंचीवर धरल्यावर किती रोध दाखवतो ते मोजणार आहे. वही मी धरायची, असं ठरलंय.