आईचा स्क्रीन, १०२४ बाय ७६८

जुनं विंडोज नव्या लॅपटॉपवर चालवणं हा एकदम हटके टाइमपास. पण ते सुरू झालं की पहिली पंचाईत होते स्क्रीनच्या मापाची. हे माप बसवता बसवता काय काय सापडलं, त्याची ही गोष्ट.

शनिवारची दुपार. जेवणं झालेली, बाहेर रणरणतं ऊन आणि मी लॅपटॉपवर विंडोज ९८ इन्स्टॉल करत बसलेली. हो, तेच ते! २५ जून १९९८ ला आलेलं, हिरवट-निळ्या डेस्कटॉपचं. मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ ला त्याचा सपोर्टसुद्धा बंद करून टाकला.

"दुसरा कामधंदा नाही का गं तुला?" आईने विचारलं.

होता ना. तिचाच!

झालं असं, की कपाट आवरताना एक सीडी सापडली. वर मार्करने आईच्या अक्षरात लिहिलेलं, 'आजी - ओव्या'. आई तेव्हा घरी डीटीपीची कामं घ्यायची. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल. त्यातून वेळ काढून तिने आजीला बोलतं केलं होतं आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या पेजमेकरमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. पुस्तिका छापू छापू म्हणता राहूनच गेली. मग आजीही गेली.

सीडी वाचली गेली, पण फाइल काही उघडेना. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्यात फाँट युनिकोडचा नाही. त्या काळच्या मराठी फाँटचा फंडा वेगळाच होता. पडद्यावर 'क' दिसायचा, पण फाइलच्या आत असायचं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. फाँट काढून घेतला की ओवीचं कडबोळं! थोडक्यात, ती फाइल वाचायला तो जुना कॉम्प्युटरच हवा होता आणि आमचा तर केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेला.

कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर

अशा वेळी कामाला येतं व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर. ते तुमच्या लॅपटॉपच्या आत एक खोटाखोटा कॉम्प्युटर उभा करतं. खोटी हार्ड डिस्क, खोटं ग्राफिक्स कार्ड, सगळंच. बिचाऱ्या विंडोजला वाटतं, आपण खऱ्या मशीनवरच आहोत. आमच्याकडे विंडोजची आणि पेजमेकरची मूळ सीडी जपून ठेवलेली होती, आणि नशीब म्हणजे फाँटही ओव्यांच्याच सीडीवर होता.

तासाभरात डेस्कटॉप आला. पण केवढा? माझ्या १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर ६४० बाय ४८० ची एक चिमुकली खिडकी आणि रंग फक्त १६! ग्राफिक्स कार्डाचा योग्य ड्रायव्हर मिळाला नाही की विंडोज ९८ गुपचूप व्हीजीएवर येतं. हे आयबीएमचं १९८७ सालचं स्टँडर्ड, म्हणजे जवळपास प्रत्येक कार्डाला येणारी बाराखडी.

गेम खेळायला हे चाललं असतं. पेजमेकरला नाही. हिशेब साधा आहे. विंडोज एका इंचात ९६ ठिपके धरतं, म्हणजे ए-फोर कागदाची रुंदी होते ७९४ ठिपके. ६४० मध्ये तो मावणार कसा? ओवीची सुरुवात दिसली की शेवट बाहेर, शेवट दिसला की सुरुवात गायब.

फुल स्क्रीनचा हट्ट

मग मी पेटलेच. व्हर्च्युअलबॉक्स नव्या विंडोजसाठी 'गेस्ट अ‍ॅडिशन्स' नावाची मदतनीस फाइल देतं. ती टाकली की खिडकी ओढू तसा डेस्कटॉप मोठा होतो. विंडोज ९८ साठी मात्र ती नाहीच. तिथे 'व्हीबीईएमपी' नावाचा एक सर्वसाधारण ड्रायव्हर टाकावा लागतो. खोटं कार्ड जी मापं दाखवतं, ती तो विंडोजला कळवतो.

आणि यादीत नसलेलं माप हवं असेल तर? तेही जमतं. मशीन बंद करायचं, लॅपटॉपच्या बाजूने व्हीबॉक्समॅनेजची 'सेटएक्स्ट्राडेटा' ही कमांड द्यायची आणि 'कस्टमव्हिडिओमोड१' या नावापुढे रुंदी, उंची आणि रंगांचे बिट लिहायचे. माझ्यासाठी १९२०, १०८० आणि ३२. मशीन पुन्हा सुरू केलं, डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन एरिया'ची पट्टी उजवीकडे सरकवली आणि क्लिक! अख्खा स्क्रीन हिरवट-निळा. सॉलिड! वर्ल्ड कप जिंकल्यासारखं वाटलं.

जरा विचार करा, या एका चित्राला मेमरी लागते साधारण ८ एमबी. आईच्या जुन्या मशीनमधल्या ४ एमबीच्या कार्डाने तिथेच मान टाकली असती.

"मुंग्या आहेत का ह्या?"

मोठ्या ऐटीत आईला बोलावलं. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"अगं, मुंग्या आहेत का ह्या? काही दिसत नाहीये."

बरोबरच होतं तिचं. विंडोज ९८ चा आयकॉन ३२ ठिपके रुंद असतो. माझ्या १५.६ इंची लॅपटॉपवर ते भरतात जेमतेम ६ मिलिमीटर. मेन्यूतली अक्षरं तर विचारूच नका.

मग वाटलं, आकार चुकला असेल. जुने मॉनिटर ४:३ चे, लॅपटॉप १६:९ चा. म्हणून नवं माप दिलं, १४४० बाय १०८०. जुना आकार, पूर्ण उंची. डेस्कटॉप दिसायला छान, पण आयकॉन तेवढाच! ठिपके तेच आणि तेवढेच, मग तो मोठा होणार कसा?

आई शांतपणे म्हणाली, "आपलं १०२४ होतं ना. १०२४ बाय ७६८."

हे माप यादीत पहिल्यापासून होतं. त्यासाठी कुठली कमांड नको की काही नको. मी ते निवडलं, 'स्केल्ड मोड'ने चित्र सुमारे १.४ पट ताणलं आणि आयकॉन झाला ८ मिलिमीटरचा. आमच्या १५ इंची मॉनिटरवर तो असायचा जवळजवळ ९. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या आणि कडा किंचित धूसर झाल्या. पण जुन्या काचेच्या मॉनिटरवर तरी त्या कुठे धारदार होत्या?

आईने माउस हातात घेतला आणि मी बघतच राहिले. पेजमेकरची टूलबॉक्स तिला शोधावी लागली नाही. हात आपोआप तिकडे गेला. इतकी वर्षं ते माप तिच्या मनगटात होतं.

ओव्या उघडल्या. पण जुन्या मशीनमधून नव्यात कॉपी-पेस्ट होत नाही, आणि झालं असतं तरी हाती कडबोळंच आलं असतं. मग आई एकेक ओवी वाचत गेली आणि मी युनिकोडमध्ये टाइप करत गेले. तिसऱ्या-चौथ्या ओवीला तिचं वाचणं थांबलं आणि ती चालीत म्हणायला लागली. ही चाल फाइलमध्ये नव्हतीच.

मी टाइप करणं थांबवलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

करून बघायचंय?

- रुंदीला ८ ने भाग जाईल असंच माप द्या. १३६६ ऐवजी १३६०. नाहीतर चित्र तिरकं होऊ शकतं.
- माप बदलल्यावर स्क्रीन काळा झाला तर घाबरू नका. १५ सेकंद थांबा, विंडोज स्वतःच जुन्या मापावर येतं.
- तरीही अडलं तर सुरू होताना एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जा. तिथे ६४० बाय ४८० नक्की मिळतं.
- विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम देऊ नका. जास्तीचं त्याला पचत नाही.
- त्या मशीनला इंटरनेट जोडू नका. त्याचे सिक्युरिटी अपडेट केव्हाच थांबलेत.
- आणि माप ठरवण्याआधी, ज्यांनी ते मशीन वापरलं त्यांना एकदा विचारा!