कारवानी कुत्र्यांची पैदास : जोडी कशी निवडावी?

मुधोळच्या घोरपडे घराण्याने जोपासलेली, महाराष्ट्रात कारवानी या नावाने ओळखली जाणारी कुत्र्याची जात चपळ व राखणीस उपयुक्त आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले. परंतु गावात एकच नामांकित नर असला, की साऱ्या माद्या त्यालाच दाखविल्या जातात. काही वर्षांनी त्याच्याच लेकी त्याच्यापुढे येतात. जातीचा खरा धोका येथेच आहे.

बाप-लेक किंवा सख्खी भावंडे यांच्या पिलांत अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के, तर सावत्र भावंडांच्या पिलांत १२.५ टक्के असते. अशा पैदाशीत दडलेले दोष उघड होतात. पिले थोडी व अशक्त निपजतात. उलट परजातीशी संकर केल्यास जातीची ठेवण बिघडते. म्हणून जात तीच, पण रक्त दूरचे, हे धोरण हितावह होय.

नर परगावचा निवडावा. दोघांच्या तीन पिढ्यांत एकही पूर्वज समान नसावा. मादीत जो दोष असेल तो नरात मुळीच नसावा. भित्र्या वा विनाकारण चावऱ्या जनावराची पैदास करू नये. मादी सुमारे दोन वर्षांची, निरोगी व रेबीजची लस टोचलेली असावी. पहिला माज सोडून द्यावा. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो.

ग्रामसेवकांनी गावोगावच्या नर-माद्यांची वंशावळ वहीत नोंदवून ठेवावी. नोंद नसल्यास नाते कळत नाही, आणि नाते न कळल्यास उत्तम नरही जातीस घातक ठरतो.