बेडकाने दोरी सोडली तर?

कारवारहून घाट चढून जोयड्याच्या वाटेला लागले की अणशी येते. येथील अरण्य १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते काळी व्याघ्र प्रकल्पात मोडते. साहजिकच मुलांना अन्नसाखळी शिकविताना वाघापासून आरंभ करण्याचा मोह होतो. आमच्या मते आरंभ भाताच्या खाचरापासून व्हावा. वाघ मुलांनी क्वचितच पाहिलेला असतो. बेडूक मात्र पावसाळ्यात दाराशी येतो.

भाताचे पान नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला धामण आणि धामणीला नागराज. पाच मुलांना ही नावे देऊन ओळीने उभे करावे, सर्वांच्या हाती एकच ताणलेली दोरी द्यावी आणि बेडकाला ती सोडावयास सांगावे. दोरी दोन्ही बाजूंना सैल पडते. धामण उपाशी राहील, हे मुले चटकन सांगतात. नाकतोडे माजून भात फस्त करतील, हे उमगावयास अंमळ वेळ लागतो. (मोठ्यांनाही लागलाच. आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी रवाना होत; ती निर्यात बंद झाली तीही १९८७ सालीच.)

शेजारच्या गोव्यात पहिल्या पावसानंतर बेडकांची चोरटी शिकार अद्याप होते, कायद्याने तो गुन्हा असला तरी. सुट्टीत तिकडच्या आप्तांकडे गेलेल्या मुलाने ताटाकडे बोट दाखवून दोरीची गोष्ट काढली, तर त्याला काय उत्तर द्यावयाचे, हे आपण वडीलधाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेले बरे.